मंगळाचे कालवे आणि लोणारचे पाणी

पाण्याला महाग झालेला एक रखरखीत ग्रह आणि त्यावर चिवटपणे तग धरून राहिलेले जीव, ही कल्पना मंगळाच्या रूपाने मानवाच्या मनात दीर्घकाळ घर करून होती. तिच्या उगमाशी एक येशूसंघीय धर्मगुरू आहेत, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. रोम येथील वेधशाळेचे संचालक फादर आंजेलो सेक्की यांनी १८५८ मध्ये मंगळाचे निरीक्षण करताना ‘कानाले’ हा इटालियन शब्द योजिला. १८७७ मध्ये मिलानच्या स्कियापारेल्ली यांनी मंगळाच्या नकाशात अशा रेषांचे जाळेच दाखविले. इटालियन भाषेत हा शब्द निसर्गनिर्मित प्रवाहमार्गासही चालतो. इंग्रजीत मात्र त्याचे ‘कालवे’ झाले. आणि कालवा म्हटला की तो खोदणारा आलाच! अमेरिकेतील पर्सिव्हल लोवेल यांनी १८९४ पासून वेध घेऊन असे प्रतिपादिले की, सुकत चाललेल्या मंगळावरील शहाणी प्रजा ध्रुवांवरील बर्फाचे पाणी कालव्यांनी आणून जगत आहे. एच. जी. वेल्स यांच्या १८९८ मधील कादंबरीत तर मंगळवासी पृथ्वीवर चालून आले.

जुलै १९६५ मध्ये ‘मरिनर ४’ या यानाने मंगळाची जवळून छायाचित्रे घेतली. त्यांत कालवे नव्हते. होती ती आघाताने पडलेली विवरे.

तसले विवर पाहावयास आम्हां बुटीबोरीकरांना यानाची गरज नाही. आमच्याच विदर्भात, बुलढाणा जिल्ह्यात, सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचे लोणारचे विवर आहे. १८२३ मध्ये अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. ते ज्वालामुखीचे मुख असावे, असा समज पुष्कळ काळ होता. १९७३ मध्ये भारतीय व अमेरिकी शास्त्रज्ञांनी तेथील खडकांतील आघाताच्या खुणा दाखवून ते अशनीच्या आघाताने पडल्याचे सिद्ध केले. हे विवर काळ्या बेसॉल्ट खडकात आहे. मंगळाचा पृष्ठभागही बव्हंशी त्याच खडकाचा. म्हणून मंगळाचे अभ्यासक लोणारकडे वळतात.

तेथील सरोवराचे पाणी खारट आणि तीव्र अल्कधर्मी. त्याचा सामू दहाच्या आसपास मोजला गेला आहे. सामान्य मासे अशा पाण्यात जगत नाहीत. परंतु नीलहरित शैवाल त्यात फोफावते आणि असंख्य सूक्ष्म जीव सुखाने नांदतात. जून २०२० मध्ये सरोवर एकाएकी गुलाबी झाले, तेव्हा लोक भयभीत झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. उन्हाळ्यात पाणी आटून क्षार वाढले आणि मीठप्रिय सूक्ष्मजीवांनी आपला गुलाबी रंग पाण्यास दिला, असे निष्पन्न झाले. जे पाणी इतरांस मारक, त्यातच त्यांचा सुकाळ होता.

नोव्हेंबर २०२० मध्ये लोणारचा समावेश रामसर यादीत झाला. तरीही धोका टळला नाही. गावाचे सांडपाणी सरोवरात उतरते, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे वर्षानुवर्षे राहिला. गोडे पाणी व मैला यांनी क्षारता घटली, तर हे जीव निराश्रित होतील. सहस्रावधी वर्षांच्या क्षारांनी ज्यांचे काही बिघडविले नाही, त्यांना आपले एक गटार पुरेसे आहे.

मंगळावर जीव आहे काय, याचा शोध चालू आहे आणि तो चालावा. पण निर्मात्याने आपल्या दाराशी ठेवलेला हा कठोर भूमीतला संसार सांभाळणे आजच आपल्या हाती आहे. कारखान्यांच्या वसाहतीत राहणाऱ्या आम्ही तरी आपले सांडपाणी कोठे जाते, हे विचारावयास शिकले पाहिजे.