एकहार्टची लोकभाषा आणि त्याच्यावरील अभियोग

माइस्टर एकहार्ट (सु. १२६०–१३२८) या जर्मन गूढवादी तत्त्वज्ञाची शंकराचार्यांशी तुलना करणारा रुडॉल्फ ओटो याचा ग्रंथ १९२६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यामुळे भारतीय वाचकाचे लक्ष सहजच या दोघांच्या सिद्धान्तसाम्याकडे वळते. तो सिद्धान्त कोणत्या भाषेत आणि कोणापुढे मांडला गेला, हा प्रश्न मागे पडतो. वस्तुतः एकहार्टवर जो अभियोग चालला त्याचा उलगडा या प्रश्नावाचून होत नाही.

एकहार्ट हा थुरिंगिया प्रांतातील. एर्फुर्ट येथील मठात तो डॉमिनिकन संघाचा भिक्षू झाला. पॅरिस विद्यापीठात ईश्वरविद्येचे अध्यासन त्याने १३०२ मध्ये आणि पुन्हा १३११ मध्ये भूषविले. असा दुहेरी मान त्या संघात त्यापूर्वी थॉमस अक्वायनस यालाच लाभला होता. त्याच्या नावाआधीचे ‘माइस्टर’ हे याच पदाचे चिन्ह, म्हणजे लॅटिन ‘मॅजिस्टर’चे जर्मन रूप होय. (पोर्तुगीजमार्गे मराठीत आलेला ‘मेस्त्री’ हा त्याचाच दूरचा नातलग.) तेव्हा लॅटिन न साधल्यामुळे एकहार्ट जर्मनकडे वळला, असे म्हणण्यास जागा नाही. त्याची भाष्ये लॅटिनमध्येच आहेत. स्ट्रासबुर्ग व कोलोन येथे मात्र त्याच्यापुढे जोगिणी, बेगीन नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्रतस्थ स्त्रिया आणि नगरजन असत. या श्रोत्यांसाठी तो जर्मनमध्ये बोलला.

त्या काळच्या जर्मनमध्ये वीरकाव्य होते, प्रेमगीते होती. मागडेबुर्गच्या मेख्टिल्डचे भक्तिपर गद्यपद्यही होते. परंतु सत्ता, स्वरूप, अभाव यांविषयी सूक्ष्म विवेचन करणारी परिभाषा तीत फारशी रुळलेली नव्हती. एकहार्टच्या प्रवचनांत ती घडताना दिसते. भाववाचक नामे साधणारा ‘-हाइट’ हा प्रत्यय तो ‘गॉट’ (ईश्वर) या शब्दाला जोडतो आणि उपास्य ईश्वर व त्याच्याही पलीकडचे निर्विशेष ‘गॉटहाइट’ (ईश्वरत्व) यांत भेद करतो. मराठीतील ‘-पण’ प्रत्ययाचे कार्य डोळ्यांपुढे आणले असता ही रीती चटकन लक्षात येते. याच रीतीने ‘वेगळे झालेला’ या अर्थाच्या धातुसाधितापासून ‘आबगेशीडेनहाइट’ (अलिप्तता) आणि ‘सोडून दिलेला’ यापासून ‘गेलासेनहाइट’ हे शब्द सिद्ध होतात. आत्म्याच्या गाभ्यासाठी तर त्याला नवा शब्दही लागत नाही. ‘ग्रुंट’ म्हणजे जमीन, तळ, पाया. हा शेतकऱ्याच्या तोंडचा शब्द घेऊन तो सांगतो की, ईश्वराचा तळ आणि आत्म्याचा तळ एकच आहे. हे सर्व शब्द त्यानेच घडविले असे मात्र सिद्ध करता येत नाही. प्रवचने इतरांनी टिपून ठेवलेल्या रूपातच बहुशः उपलब्ध असल्याने शब्दकर्तृत्वाविषयी सावध राहणेच इष्ट होय. ‘गेलासेनहाइट’ हा शब्द पुढे इतका टिकला की, हायडेगरने १९५९ मध्ये आपल्या एका पुस्तकास तेच नाव दिले.

१३२६ मध्ये कोलोनचा आर्चबिशप हाइनरिश फोन फिर्नेबुर्ग याने चौकशी सुरू केली. एकहार्टच्या लेखनातून व प्रवचनांतून आक्षेपार्ह वाक्ये वेचून प्रथम ४९ व नंतर ५९ कलमांच्या याद्या करण्यात आल्या. जर्मन वाक्ये त्यासाठी लॅटिनमध्ये उतरविली गेली, आणि अनर्थाचे एक मूळ येथेच आहे. उत्तर देताना एकहार्टने ‘इन्क्वांटुम’ (ज्या अंशी) या एका अव्ययावर सर्वाधिक भर दिला. सज्जन मनुष्य ज्या अंशी सज्जन आहे त्या अंशी तो साक्षात् सौजन्याशी एकरूप असतो. मनुष्य म्हणून तो सृष्ट प्राणीच राहतो. प्रवचनात ही मर्यादा संदर्भाने कळत असे, दरवेळी तिचा उच्चार करण्याचे कारण नसे. सुटे वाक्य यादीत गेले की मर्यादा गळते आणि उरते ते ‘मनुष्य म्हणजे ईश्वर’ एवढेच.

१३ फेब्रुवारी १३२७ रोजी कोलोनच्या डॉमिनिकन चर्चमध्ये एकहार्टचे निवेदन एका सहकारी भिक्षूने लॅटिनमधून वाचले आणि स्वतः एकहार्टने ते जमलेल्या लोकांना जर्मनमध्ये समजावून सांगितले. भाषेचाच प्रश्न उपस्थित असता त्याने दिलेले हे उत्तर बोलके आहे. पुढे प्रकरण आव्हिन्यों येथे पोपकडे गेले आणि निर्णयापूर्वीच एकहार्टचा मृत्यू झाला. पोप बाविसावा जॉन याच्या २७ मार्च १३२९ च्या आज्ञापत्रात २८ कलमे आहेत; त्यांतील १७ पाखंडी, तर ११ संशयास्पद ठरविली गेली. त्यांपैकी काही त्याच्या लॅटिन भाष्यांतील आहेत, हे विसरून चालणार नाही. म्हणून केवळ लोकभाषेसाठी तो दंडित झाला, हे मत एकांगी ठरते. तथापि आज्ञापत्राच्या प्रस्तावनेत साध्याभोळ्या लोकांपुढे त्याने केलेल्या उपदेशावर आवर्जून बोट ठेवले आहे. विद्यापीठात जे मत वादाचा विषय ठरले असते, तेच बाजारपेठेच्या नगरीत संकट मानले गेले. पॅरिसमध्ये १३१० साली मार्गरीत पोरेत हिला जाळण्यात आले, तिचाही ग्रंथ फ्रेंच या लोकभाषेतच होता.

या आक्षेपाची एकहार्टला आधीच कल्पना होती. ईश्वरी सांत्वनाविषयीच्या आपल्या जर्मन ग्रंथाच्या शेवटी त्याने तो स्वतःच मांडून उत्तर दिले आहे: अज्ञ जनांना शिकवायचे नाही असे ठरविले, तर कोणी कधी सुज्ञ होणारच नाही.

एका शतकानंतर कूसाच्या निकोलसने त्याच्या लॅटिन ग्रंथांची प्रत १४४४ मध्ये करवून घेतली. निकोलसच्या समासटीपांसह ती आजही कूस येथील ग्रंथालयात आहे. एकहार्टची बुद्धी व निष्ठा यांची १४४९ च्या आपल्या ग्रंथात त्याने वाखाणणी केली. मात्र सामान्यांना ते पेलणार नाहीत, म्हणून हे ग्रंथ सार्वजनिक ठिकाणांहून हलवावेत, असेही त्याने त्याच ठिकाणी नमूद केले.