सुटलेल्या गाडीचा लगाम : बोरघाट ते बटण

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मोटारीच्या ब्रेकवर लेख कशासाठी, असा प्रश्न काही सभासदांच्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर दुर्गापुऱ्याच्या कोणत्याही गल्लीत मिळेल. ज्यांनी आयुष्यभर फियाट नाही तर अँबॅसडर हाकली, त्या आमच्या पिढीच्या दारी आता मुलांनी हौसेने घेऊन दिलेली मोटार उभी असते. तिला क्लच नाही, गियर आपोआप पडतो आणि किल्ली फिरवावयाची जागाही नाही. नुसते एक बटण आहे. अशी गाडी टोंक रोडच्या गर्दीत अचानक आवरेनाशी झाली तर हात कोठे जावा, हे घरोघरी विचारून पाहावे. आम्ही विचारले; बहुतेकांनी ‘किल्ली बंद करू’ असेच सांगितले! आम्ही यंत्रशास्त्राचे नव्हे, कलाशाखेचे पदवीधर. तेव्हा या प्रश्नाकडे आम्ही इतिहासाच्या वाटेने जाणार आहोत.

धावणारे यंत्र आधी येते आणि ते थांबविण्याची विद्या मागाहून, हा धडा महाराष्ट्राने बोरघाटात गिरविला. १८६३ साली खुल्या झालेल्या या लोहमार्गावर पावणेसोळा मैलांत १,८३१ फुटांची चढण होती आणि काही ठिकाणी ३७ फुटांस एक फूट असा तीव्र उतार होता. खंडाळ्याजवळ गाडीची दिशा उलटविण्याचे स्थानक होते. १८६९ च्या जानेवारीत उतारावर ब्रेक न लागल्याने एक गाडी याच घाटात सुटली आणि प्राणहानी झाली. बेफाम गाडीवरचा घाटातला उपाय मोठा मार्मिक होता. मुख्य मार्गाला फुटणारा, वर चढत जाणारा एक रूळ टाकावयाचा आणि सांधा एरवी त्याच्याकडेच वळवून ठेवावयाचा. गाडी ताब्यात आहे अशी खात्री पटली तरच सांधेवाल्याने पुढचा रस्ता मोकळा करावयाचा. सुटलेली गाडी आपोआप चढावर जाई व आपल्याच वजनाने थांबे. चालकाच्या हातून चूक होणार हे येथे आधीच गृहीत धरलेले आहे. मोटारीच्या जगाला हे शहाणपण यावयास शतकाहून अधिक काळ लागला.

जुन्या मोटारीत पायाखालचा ॲक्सिलरेटर आणि कार्ब्युरेटर यांच्यामध्ये सरळ एक तार नाही तर दांडा असे. स्प्रिंग तुटली, तार अडकली की इंजिन गरजू लागे. परंतु अडचण डोळ्यांना दिसे आणि उपाय हातापायांत भिनलेला असे. क्लच दाबला की चाकांचा इंजिनाशी संबंध तुटला. मग किल्ली एक खूण मागे फिरविली की इंजिन शांत. (किल्ली पूर्ण फिरविली तर पुढील काही गाड्यांत सुकाणूच जखडले जाई, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असे.)

क्लच गेला तेव्हा ही पळवाट गेली. अमेरिकेत आपोआप गियर बदलणाऱ्या गाड्या पूर्वीपासूनच रूढ होत्या. तेथे १९८६ च्या नोव्हेंबरात दूरदर्शनवरील एका गाजलेल्या कार्यक्रमाने ऑडी ५००० ही गाडी उभ्या जागेवरून आपोआप उसळते, असा गवगवा केला. सरकारी चौकशीचा अहवाल १९८९ साली बाहेर आला. बहुतेक प्रसंगांत चालकाचा पाय ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पडला होता, हा त्याचा निष्कर्ष. आपण ब्रेकच दाबतो आहोत, अशी त्या माणसांची प्रामाणिक समजूत होती. म्हणूनच गाडी थांबत नाही असे पाहून ती अधिकच जोराने दाबीत राहिली! त्यांस मूर्ख म्हणणे सोपे आहे, पण आम्हांस ते मान्य नाही. पायाला डोळे नसतात. यांत्रिक उपाय निघाला तो असा की, ब्रेक दाबल्याखेरीज गियर ‘पार्क’मधून हलूच नये.

पुढे तारही गेली. पेडलाखाली दोन संवेदक बसले, आणि त्यांचे संदेश पडताळून इंजिनाला किती हवा द्यावयाची हे संगणक ठरवू लागला. २८ ऑगस्ट २००९ रोजी कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळ एक लेक्सस गाडी सुसाट सुटली आणि चौघे दगावले. अंगाबाहेरच्या मापाची रबरी चटई पेडलात अडकली होती. गाडीला किल्ली नव्हती. धावती गाडी बंद करण्यासाठी बटण तीन सेकंद दाबून धरावे लागे. त्या जिवघेण्या घटकेला हे कोणास सुचावे? टोयोटाने लक्षावधी गाड्या परत बोलाविल्या. ‘नासा’च्या अभियंत्यांना २०११ च्या अहवालापर्यंत असा वेग वाढविणारा इलेक्ट्रॉनिक दोष सापडला नाही, तथापि २०१३ साली ओक्लाहोमातील ज्यूरीने एका खटल्यात दोष गाडीच्या संगणकावर ठेवला. वाद काहीही असो, ब्रेक व ॲक्सिलरेटर दोन्ही दाबले गेल्यास ब्रेकचेच ऐकावयाचे, ही व्यवस्था त्यानंतर सर्वत्र पसरली. बोरघाटातला सांधा अखेर मोटारीत आला म्हणावयाचा.

आपल्याकडे दोन पेडलांची गाडी सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आली ती २०१४ साली, मारुतीच्या सेलेरिओपासून. गाड्या बदलल्या, पण शिकवणी जुनीच राहिली. त्याची किंमत मुंबईने ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ल्यात मोजली. बेस्टच्या मार्गावरील विजेची बस गर्दीत घुसली आणि नऊ जीव गेले. परिवहन खात्याच्या तपासणीत ब्रेक सुस्थितीत आढळल्याचे प्रसिद्ध झाले. चालकाला क्लच नसलेल्या बसचा सराव अगदी थोडा होता, हेही पुढे आले. ज्या कुर्ल्यापर्यंत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातली पहिली विजेची आगगाडी धावली, तेच हे कुर्ले. लोकलच्या मोटरमनचा हात मुठीवरून सुटला की गाडी आपोआप थांबते. बसला असे काही नाही.

मग करावयाचे काय? आधी पाय पूर्ण उचलावा आणि पुन्हा ब्रेकवर ठेवून सर्व बळ लावून दाबावा; दाबून सोडून पुन्हा दाबू नये. पेट्रोल गाडीत ब्रेकला साहाय्य करणारी निर्वात शक्ती इंजिनाचे तोंड पूर्ण उघडे असताना फारशी भरून येत नाही आणि वारंवार दाबल्याने ती संपते. लगोलग गियर ‘एन्’वर न्यावा. इंजिन भयंकर ओरडेल, ओरडू द्यावे. गाडी कडेला थांबली की मगच ते बंद करावे. ‘एन्’ पडतच नसेल तेव्हाच चालत्या गाडीत बटण दाबून धरावे. तसे केल्यास सुकाणू जड होते, ते दोन्ही हातांनी धरावे लागते.

उतारावर आधीच इंजिन बंद करणे हा मात्र निव्वळ आत्मघात. पुण्याच्या नवले पुलावर २० नोव्हेंबर २०२२ रोजी एका अवजड वाहनाने अठ्ठेचाळीस गाड्यांचा चुराडा केला, तेव्हा चालकाने इंधन वाचविण्यासाठी उतारावर इंजिनच बंद केल्याचे तपासात सांगण्यात आले.

बटणाचा नियम सर्व गाड्यांत सारखा नाही. कोठे ते काही सेकंद दाबून धरावयाचे, तर कोठे भराभर अनेकदा दाबावयाचे. आपल्या गाडीचा नियम तिच्या पुस्तिकेत छापलेला असतो. ही पुस्तिका डाव्या बाजूच्या खणात, बहुधा प्लास्टिकच्या पिशवीतून न काढलेली, सापडते.