पटसंख्येचा न्याय आणि पटाबाहेरच्या शाळा

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात दर दोन वर्षांनी फेब्रुवारीच्या सुरुवातीला शाळाशाळांचे फुटबॉल प्रशिक्षक एका यादीची वाट पाहत बसतात. पुढची दोन वर्षे आपली शाळा कोणत्या वर्गात खेळणार, गटात शेजारी कोण असणार, सामन्याला पन्नास मैल जायचे की दोनशे, हे सगळे त्या यादीवर ठरते. आणि यादी ठरते कशावर? पटसंख्येवर. ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारी शाळेत नववी ते बारावीचे किती विद्यार्थी आहेत, एवढ्यावर. आपल्याकडे ३० सप्टेंबरचा पट आणि त्यावरची संचमान्यता ज्यांनी अनुभवली आहे, त्या शिक्षकांना वेगळे समजावण्याची गरज नाही. फरक इतकाच, की इथे पटावर शिक्षकाची नोकरी ठरते, तिथे पोरांचा प्रतिस्पर्धी ठरतो.

हा फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे. लांबुळका चेंडू हातात घेऊन पळायचे, फेकायचे, समोरच्याने अंगावर येऊन पाडायचे, असा तो अमेरिकन खेळ. मैदानात एका वेळी अकरा जण, पण आक्रमणाचे वेगळे, बचावाचे वेगळे, शिवाय राखीव. म्हणजे बऱ्यापैकी संघ उभा करायचा तर चाळीस-पन्नास मुले हवीत. खेळ अंगबळाचा. त्यामुळे ज्या शाळेत तीन हजार पोरे आहेत तिला निवडीला वाव, आणि ज्या खेड्यात वर्गात बाराच मुले आहेत तिथे जो येईल त्याला घ्यायचे. आपल्या शालेय स्पर्धा वयावर विभागलेल्या असतात, चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील. तालुक्यातली छोटी शाळा आणि शहरातली बडी शाळा तिथे एकाच मैदानात उतरतात. टेक्सासने वेगळी वाट धरली. शाळेचा आकार बघून वर्ग पाडले.

सुरुवातीला तसे नव्हते. युनिव्हर्सिटी इंटरस्कोलॅस्टिक लीग, म्हणजे यूआयएल, ही टेक्सास विद्यापीठाच्या छत्राखालची संस्था. १९१० मध्ये तिचा उगम झाला तो वादविवाद स्पर्धांसाठी, खेळ मागून आला. (वक्तृत्वातून निघालेली संस्था आज फुटबॉलमुळे ओळखली जाते, हे भाषेच्या शिक्षकाला जरा टोचतेच.) १९२० च्या मोसमात तिने राज्याचा पहिला फुटबॉल विजेता ठरवायचे मनावर घेतले. अंतिम सामना क्लीबर्न आणि ह्यूस्टन हाइट्स या शाळांमध्ये झाला. निकाल ०-०. दोघांनाही विजेते म्हटले गेले. पुढे बरीच वर्षे सगळ्या राज्यात एकच अजिंक्यपद होते. त्या काळात वेको शाळेने पॉल टायसन यांच्या हाताखाली १९२२, १९२५, १९२६ आणि १९२७ अशी चार अजिंक्यपदे मिळवली. लहान शाळांना वेगळा वर्ग होता, पण त्यांची स्पर्धा गटाच्या किंवा विभागाच्या पातळीवरच थांबायची. राज्याचा मान मोठ्यांनाच.

दुसऱ्या महायुद्धानंतर शहरे फुगली आणि हे गणित बिघडले. १९४८ ते १९५० अशी तीन वर्षे मोठ्या शहरांच्या शाळांची वेगळी ‘सिटी कॉन्फरन्स’ करून पाहिली. मग १९५१ पासून पटानुसार चार वर्ग आले, प्रत्येकाला स्वतंत्र राज्य अजिंक्यपद. नावे ए, दोन ए, तीन ए, चार ए. १९८० मध्ये पाच ए आला, २०१४ मध्ये सहा ए. सहा ए म्हणजे साधारण सव्वादोन हजारांच्या वर पट असलेल्या शाळा. ॲलन नावाच्या गावात तर एकाच हायस्कूलमध्ये सहा हजारांहून अधिक विद्यार्थी आणि अठरा हजार आसनांचे स्वतःचे स्टेडियम.

दुसऱ्या टोकाला एक ए. तिथे मैदानात सहाच खेळाडू उतरतात. हा प्रकार स्टीफन एप्लर या नेब्रास्कातल्या शिक्षकाने १९३४ मध्ये काढला. मंदीचे दिवस, गावे ओस पडत होती, अकरा पोरे जमेनात. एप्लरने मैदान ऐंशी यार्ड लांब आणि चाळीस यार्ड रुंद केले, सहाही जणांना चेंडू झेलायची मुभा दिली, आणि खेळ वाचवला. मध्यंतराला किंवा त्यानंतर एका संघाची आघाडी पंचेचाळीस गुणांची झाली की सामना तिथेच थांबतो. टेक्सासात सहा जणांच्या खेळासाठी पटाची मर्यादा १०४.९ अशी लिहितात. दशांश नऊ विद्यार्थी कुठून आणायचा ते लीगच जाणे. पण अर्थ सरळ आहे, एकशे पाचावा विद्यार्थी आला की शाळा वरच्या वर्गात आणि मैदानात सहांऐवजी अकरा.

वर्ग ठरले की शाळांचे भौगोलिक गट पाडतात. त्यांना ते जिल्हे म्हणतात, सरकारी जिल्ह्याशी त्याचा संबंध नाही. पूर्वी गटातून एकच संघ बाद फेरीत जायचा. एक पराभव, आणि वर्षभराची मेहनत मातीत. १९८२ पासून दोन संघ जाऊ लागले, पुढे तीन, आता बहुतेक ठिकाणी चार. सहा ए मध्ये तर आणखी एक गंमत आहे. गटातून पुढे गेलेल्या चार शाळांपैकी पटाने मोठ्या दोन ‘डिव्हिजन एक’मध्ये आणि लहान दोन ‘डिव्हिजन दोन’मध्ये जातात. म्हणजे गटविजेता आणि चौथा संघ एकाच मांडणीत येऊ शकतात आणि उपविजेता भलतीकडे. मैदानावर आलेला क्रमांक इथे पटापुढे नमतो. मग सहा फेऱ्या, हरला तो घरी. गटातले-गटाबाहेरचे मिळून दहा आणि हे सहा, असे सोळा सामने जो पार पाडेल तो विजेता. सगळे वर्ग आणि त्यांचे भाग धरून आज एका डिसेंबरात बारा राज्यविजेते होतात. बारा विजेते म्हणजे पदकांची खिरापत, अशी टीका होते. मला ती पटत नाही. शंभर पोरांच्या शाळेला सहा हजारांच्या शाळेसमोर उभे करून ‘गुणवत्ता’ तपासण्यापेक्षा खिरापत परवडली.

बरोबरीचे फैसले मात्र जुन्या काळी विचित्र होते. बाद फेरीत गुण समान झाले की प्रतिस्पर्ध्याच्या वीस यार्डांच्या रेषेच्या आत कोण जास्त वेळा घुसले ते मोजायचे. तेही समान असेल तर आणखी बारीक मोजणी. आणि गटात तीन संघ बरोबरीत आले तर नाणे. १९८८ मध्ये ओडेसा शहराची पर्मियन शाळा आणि मिडलँडच्या दोन शाळा बरोबरीत राहिल्या, जागा दोनच. मध्यरात्रीनंतर महामार्गावरच्या एका ट्रकथांब्यावर तीन प्रशिक्षकांनी नाणी उडवली, ज्याचे नाणे इतर दोघांपेक्षा वेगळे पडले तो बाहेर. टीव्हीवर हे थेट दाखवले गेले. मिडलँड हाय बाहेर गेली. एच. जी. बिसिंजर यांच्या ‘फ्रायडे नाइट लाइट्स’ या पुस्तकामुळे हा प्रसंग जगभर पोहोचला.

इथपर्यंतची गोष्ट टेक्सासच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर, म्हणजे तिथल्या कॉफीच्या टेबलावर, कोणीही सांगेल. पण पटसंख्येच्या या न्यायाला एक अट होती, आणि ती अट नियमातच छापलेली होती. लीगचे सदस्यत्व गोऱ्यांच्या सरकारी शाळांपुरते होते. टेक्सासच्या १८७६ च्या राज्यघटनेने गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवल्या होत्या. लीगने त्यातली एकच बाजू मोजली. एका गावात दोन हायस्कुले असली तरी गटाच्या यादीत एकच दिसे. दुसऱ्या शाळेचा पट कितीही असो, तो मोजायला कोणी येत नसे.

त्या शाळांनी आपली वेगळी लीग काढली. साल तेच, १९२०. १९२३ पासून प्रेअरी व्ह्यू या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयाने तिचा कारभार घेतला आणि पुढे तिचे नाव प्रेअरी व्ह्यू इंटरस्कोलॅस्टिक लीग, पीव्हीआयएल, असे पडले. तिथेही वादविवाद होते, धावण्याच्या शर्यती होत्या, पुढे पटानुसार वर्गही आले. फुटबॉलचे राज्य अजिंक्यपद १९४० पासून सुरू झाले आणि पहिला मान फोर्ट वर्थच्या आय. एम. टेरेल शाळेला मिळाला. शुक्रवारी रात्री स्टेडियम गोऱ्या शाळांकडे असे, म्हणून यांचे सामने बुधवारी आणि गुरुवारी. साहित्य बऱ्याचदा गोऱ्या शाळांनी वापरून टाकलेले. मायकल हर्ड यांनी या लीगचा इतिहास लिहिला तेव्हा पुस्तकाला नाव दिले ‘थर्सडे नाइट लाइट्स’. शुक्रवारच्या झगमगाटाला गुरुवारचे उत्तर!

आणि खेळ कसा होता? ह्यूस्टनमध्ये थँक्सगिव्हिंगच्या दिवशी जॅक येट्स आणि फिलिस व्हीटली या दोन शाळांचा सामना व्हायचा, त्याला तीस-चाळीस हजार माणसे जमायची. शालेय सामन्याला! टेंपल गावच्या डनबार शाळेतून जो ग्रीन आला, लफकिनच्या डनबारमधून केन ह्यूस्टन, ब्यूमाँटच्या चार्लटन-पोलार्डमधून बब्बा स्मिथ, ऑस्टिनच्या अँडरसनमधून ‘नाइट ट्रेन’ लेन. व्यावसायिक फुटबॉल ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही नावे आपल्याकडच्या गावस्कर-कपिलसारखी आहेत. पण टेक्सासच्या १९२० ते १९६६ या सत्तेचाळीस मोसमांतल्या ‘राज्यविजेत्या’ संघांनी यांच्यापैकी कोणाच्याही शाळेशी कधी अधिकृत सामना खेळला नव्हता. ते राज्याचे विजेते होते की अर्ध्या मोजणीचे, हा प्रश्न त्या काळच्या क्रीडापानांना पडला नाही.

१९५४ च्या ब्राउन खटल्याच्या निकालानंतर एक चमत्कारिक स्थिती आली. गोऱ्यांच्या एखाद्या शाळेने कृष्णवर्णीय विद्यार्थी घेतले तर ते लीगमध्ये खेळू शकत. सॅन अँटोनियोच्या ब्रॅकनरिज शाळेने १९६२ मध्ये मिश्र संघासह चार ए चे अजिंक्यपद जिंकले. पण कृष्णवर्णीयांची शाळा शाळा म्हणून आत येऊ शकत नव्हती. मुलगा पात्र, त्याची शाळा अपात्र. १९६५ मध्ये नियमातून ‘गोऱ्यांची’ हा शब्द काढायचे ठरले आणि १९६७ च्या मोसमापासून दारे उघडली. मोठ्या शाळा आधी गेल्या, उरलेल्या मागून. १९७० मध्ये पीव्हीआयएल बंद झाली.

इथे टाळ्या वाजवाव्यात असे वाटते. पण दोन शाळांची एक करायची वेळ आली तेव्हा बहुतेक गावांत बंद झाली ती कृष्णवर्णीयांची शाळा. लफकिनचे डनबार हायस्कूल १९७० मध्ये गोऱ्यांच्या शाळेत विलीन झाले. ऑस्टिनचे अँडरसन १९७१ मध्ये बंद केले, दोन वर्षांनी तेच नाव शहराच्या दुसऱ्या टोकाला, गोऱ्या वस्तीतल्या नव्या इमारतीला दिले. मुख्य प्रशिक्षक साहाय्यक झाले, मुख्याध्यापक उपमुख्याध्यापक. कित्येक शाळांचे चषक, छायाचित्रे, नोंदवह्या कचऱ्यात गेल्या. शाळा एक झाल्याने गावाचा पट फुगला आणि गाव वरच्या वर्गात गेले, तेवढाच त्या मुलांचा लीगच्या हिशेबात उल्लेख. पीव्हीआयएलच्या विजेत्यांची यादी आज यूआयएल स्वतःच्या नोंदींबरोबर देते, पण त्यातल्या बऱ्याच शाळांची इमारतसुद्धा आता उरलेली नाही.

ज्या थोड्या टिकल्या, त्यांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. ब्यूमाँटच्या हेबर्ट शाळेने १९७६ मध्ये तीन ए चे राज्य अजिंक्यपद घेतले. १९८२ मध्ये तिला जवळच्या फॉरेस्ट पार्क शाळेत मिसळून वेस्ट ब्रुक ही नवी शाळा केली. वर्णद्वेषी विभागणी मोडण्यासाठी दोन शाळांतली पोरे एका संघात आणली, आणि त्याच वर्षी तो संघ पाच ए चा विजेता ठरला.

ह्यूस्टनची जॅक येट्स मात्र आपल्या नावानिशी, आपल्या वस्तीत उभी राहिली. १९८५ मध्ये लुथर बुकर यांच्या मार्गदर्शनाखाली तिने सोळा पैकी सोळा सामने जिंकले. पाच ए म्हणजे तेव्हाचा सर्वांत मोठा वर्ग. अंतिम सामन्यात समोर ओडेसाची पर्मियन होती, तीच, जिच्यावर पुढे पुस्तक निघाले, चित्रपट निघाला, मालिका निघाली. येट्स ३७, पर्मियन ०.