चळतीचे गणकयंत्र आणि त्रिकोणमिती

आधी संख्या मांडाव्या आणि त्यांचे काय करावयाचे ते मागाहून सांगावे, ही रीत प्रथमदर्शनी उफराटी वाटली, तरी जमाखर्च लिहिणारा कारकूनही रकमा एकाखाली एक मांडून मगच बेरजेची रेघ ओढतो. यान लुकासिएविच या पोलिश तर्कशास्त्रज्ञाने 1924 च्या सुमारास कंसांवाचून तर्कवाक्ये लिहिण्याची जी पद्धत काढली, तिचेच हे उलटे रूप होय. 1963 साली अमेरिकेतील फ्रायडन कंपनीने याच रीतीने चालणारे ईसी-130 हे गणकयंत्र पुढे आणले, तेव्हा चार संख्यांची चळत त्याच्या पडद्यावर एकाच वेळी दिसू लागली. मात्र बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि भागाकार यांपलीकडे त्याची मजल नव्हती. 1965 च्या ईसी-132 मध्ये वर्गमूळाची कळ आली.

चळतीच्या रचनेत अशी कळ सामावून घेणे अत्यंत सुलभ असते, कारण वर्गमूळासारखी क्रिया केवळ सर्वांत अलीकडची संख्या उचलते, तिच्या जागी उत्तर ठेवते आणि बाकीच्या संख्यांना स्पर्शही करीत नाही. एंटर ही कळ दाबली की संख्येची प्रत चळतीत चढते: 3, एंटर, गुणाकार. 4, एंटर, गुणाकार. मग बेरीज आणि वर्गमूळ, एवढ्या कळा दाबल्या की काटकोन त्रिकोणाचा कर्ण 5 समोर येतो, आणि 16 सिद्ध होईपर्यंत 9 ही संख्या चळतीत सुरक्षित राहिल्यामुळे ती कागदावर टिपून ठेवण्याचे प्रयोजनच उरत नाही. कळेला जागा देणे सोपे. परंतु ज्या यंत्राला मुळात बेरीज-वजाबाकी आणि अंक सरकवणे एवढेच अवगत, त्याच्याकडून कोनाची ज्या किंवा संख्येचा लघुगणक काढून घेणे ही खरी कसोटी होती.

तिचे उत्तर विमानविद्येतून आले. कॉन्व्हेअर कंपनीत बी-58 या बाँबफेकी विमानाच्या दिशादर्शनावर काम करणाऱ्या जॅक व्होल्डरने कोन फिरवण्याची एक युक्ती शोधली आणि 1959 साली ‘कॉर्डिक’ या नावाने ती प्रसिद्ध केली. दशमान गणकयंत्रात तिचे रूप असे: ज्यांची स्पर्शज्या 1, 0.1, 0.01, 0.001 अशी येते ते कोन यंत्रात कायमचे नोंदवून ठेवावयाचे आणि दिलेल्या कोनातून ते क्रमाने वजा करीत जावयाचे. 30 अंशांतून 45 वजा होत नाहीत, 5.7106 पाच वेळा वजा होतात आणि 1.447 उरतात, त्यांतून 0.5729 दोनदा जातात; आणि असेच पुढे. जितक्या वजाबाक्या, तितक्या वेळा एक रेषाखंड त्या त्या कोनातून फिरवावयाचा. दहाने भागणे म्हणजे अंक एक घर सरकवणे, म्हणून या फिरवण्याला खऱ्या गुणाकाराची गरजच पडत नाही. कोनांच्या बेरजेचा जो नियम येथे कामी येतो, तो भास्कराचार्यांनी 1150 सालच्या सिद्धान्तशिरोमणीत, ज्योत्पत्तीच्या प्रकरणात दिलेला आहे. व्होल्डरने तो तेथून घेतला असे मुळीच नव्हे, तथापि सह्याद्रीच्या आश्रयाने राहणाऱ्या गणकाला तो आठशे वर्षे आधी ठाऊक होता, याचे मला मनापासून अप्रूप वाटते.

ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीचे 9100ए हे 1968 चे यंत्र याच युक्तीवर चाले. पण त्याचे वजन चाळीस पौंड आणि किंमत 4900 डॉलर. ते सदऱ्याच्या खिशात मावावे, असा बिल ह्यूलेट यांचा आग्रह पडला, आणि त्यातूनच 1972 च्या आरंभी पस्तीस कळांचे, नऊ औंसांचे, 395 डॉलरचे एचपी-35 अवतरले. डेव्हिड कॉक्रन यांना त्याचे सारे गणित अवघ्या 768 आज्ञांत बसवावे लागले, आणि या काटकसरीतच मला त्या यंत्राची थोरवी दिसते. स्लाइड रूलवर जेमतेम तीन अंक वाचण्याची सवय झालेल्या अभियंत्याला येथे दहा अंक मिळू लागले. काटकसरीची किंमतही चुकवावी लागली: त्रिकोणमितीच्या क्रियांना स्वतःसाठी जागा हवी असल्याने चळतीचा चौथा कप्पा त्या वापरून टाकीत, आणि तेथे ठेवलेली संख्या नाहीशी होई. शिवाय आरंभीच्या यंत्रांत एक दोष राहून गेला होता, 2.02 चा नैसर्गिक लघुगणक काढून त्यावर लगेच उलट क्रिया केली, तर 2.02 ऐवजी नुसते 2 येत. दोष ध्यानात आला तोवर हजारो यंत्रे विकली गेली होती. कंपनीने ग्राहकांना तो कळवून, मागेल त्याला सुधारलेले यंत्र देण्याची तजवीज केली.