बोरीकाठची बाग कोणाच्या कागदावर?

नळदुर्गच्या किल्ल्यात संध्याकाळी फिरायला जाणारा माणूस नगर परिषदेच्या उद्यानात नसतो, तो राज्य संरक्षित स्मारकात असतो. हिरवळ आहे, चालायला वाट आहे, पाण्याकाठी बसायला जागा आहे. पण त्यातल्या एका रोपावरही गावाच्या नगर परिषदेचा अधिकार नाही. हे कसे घडले ते एका शिलालेखातून आणि त्यानंतरच्या मोजक्या कागदांतून उलगडता येते.

शिलालेख किल्ल्यातल्या बंधाऱ्याच्या पोटात असलेल्या पाणी महालातला, फारसी. दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या काळात, हिजरी १०२२ म्हणजे इ.स. १६१३ मध्ये, मीर इमादीनने महालाचे काम पुरे केले असे त्यावरून कळते. महाल पाहून मित्रांचे डोळे उजळावेत आणि शत्रूंच्या डोळ्यांपुढे अंधार यावा, असा त्यातला आशय. म्हणजे बांधणाऱ्याला केवळ पाणी अडवायचे नव्हते, लोकांनी ते पाहावे हेही हवे होते.

बंधाऱ्याची रचना याला दुजोरा देते. बोरी नदीचे पात्र अडवणारी ही भिंत नळदुर्गला समोरच्या रणमंडळ या जोडकिल्ल्याशी जोडते. जिन्याने तिच्या पोटात उतरले की खोल्या लागतात. पावसाळ्यात नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळते, तेव्हा सज्जात बसलेल्याच्या पुढ्यात पाण्याचा पडदा असतो आणि पायाखालची फरशी मात्र कोरडी. पाणीसाठा, संरक्षण, येण्याजाण्याची वाट आणि विसावा या चार गरजा एकाच बांधकामात भागवल्या आहेत. आज यांतल्या प्रत्येक गरजेचे खाते वेगळे आहे. अर्थात ही जागा शहाची होती, रयतेची नव्हे. तेवढा फरक विसरून तिला सार्वजनिक उद्यान म्हणणे बरोबर होणार नाही.

यानंतरचा महत्त्वाचा कागद २१ मे १८५३ चा तह. हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या खर्चापोटी निजामाने वऱ्हाड आणि रायचूर दुआबाबरोबर नळदुर्गचा मुलूखही कंपनी सरकारच्या हवाली केला आणि फिलिप मेडोज टेलर इथे अधिकारी म्हणून आला. त्याचे आत्मचरित्र त्याच्या मृत्यूनंतर १८७७ मध्ये छापले गेले. त्यात किल्ल्याचे वर्णन मोजणीदाराच्या नजरेने येते: बोरीच्या खोऱ्यात घुसलेला बेसॉल्टचा सपाट माथा, ५० ते २०० फूट उंचीचे तुटलेले कडे, पश्चिमेला पठाराशी जोडणारी चिंचोळी मान आणि तिच्यावरची भक्कम तटबंदी. आठवणी म्हातारपणी लिहिलेल्या आहेत, त्यामुळे त्याने स्वतःच्या कारभाराची केलेली स्तुती मी जपूनच घेतो. भूगोलाच्या बाबतीत मात्र तो विश्वासार्ह आहे, कारण ते कडे आजही तसेच उभे आहेत.

१८५७ मध्ये टेलरची वऱ्हाडात रवानगी झाली. १८६० च्या तहाने नळदुर्ग निजामाकडे परतले आणि पुढे जिल्ह्याचे ठाणे धाराशिवला गेले. माझ्या मते नळदुर्गच्या बागेच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी घटना. ठाणे हलले की कचेऱ्या हलतात, साहेबांचे बंगले हलतात आणि त्या बंगल्यांभोवती वाढणारी झाडेही दुसऱ्या गावाच्या वाट्याला जातात. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरकडून हैदराबाद संस्थानात शिरले, तेव्हा नळदुर्ग पुन्हा एकदा बातमीत आले; तेही बागेसाठी नव्हे, किल्ल्यासाठी आणि बोरीवरच्या पुलासाठी.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर थोड्याच वर्षांत तीन कायदे आले आणि त्यांनी जमिनीची वाटणी पक्की केली. १९६० च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याखाली संरक्षित वास्तू राज्य पुरातत्त्व विभागाकडे गेल्या. १९६५ च्या नगर परिषद अधिनियमाने उद्याने ऐच्छिक कामांत टाकली. पाणी, दिवाबत्ती, साफसफाई ही आवश्यक कामे आधी. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने विकास आराखड्याचा क्रम घालून दिला: सध्याच्या जमीन वापराचा नकाशा, मग प्रारूप आराखडा, नागरिकांच्या हरकती व सूचना, नियोजन समितीची सुनावणी आणि शेवटी शासनाची मंजुरी. आराखड्यात बागेचे आरक्षण पडले म्हणजे बाग झाली असे नाही. दहा वर्षांत जमीन संपादन झाली नाही, तर कलम १२७ खाली जमीनमालक नोटीस देऊ शकतो आणि मुदतीत हालचाल न झाल्यास आरक्षण व्यपगत होते. लहान नगर परिषदांची तिजोरी पाहता ही तरतूद त्यांना जड जाते. ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत उद्याने, बागा आणि क्रीडांगणे नगरपालिकांच्या विषयांत घातली, पण पैसा त्याबरोबर आपोआप आला नाही.

मग २०१४ मध्ये शासनाने स्मारक संगोपन योजनेतून नळदुर्गचा किल्ला सोलापूरच्या युनिटी मल्टिकॉन्स या कंपनीकडे देखभालीसाठी सोपवला. मालकी शासनाची, निगराणी पुरातत्त्व विभागाची, बागकाम कंपनीचे, अशी ही विभागणी होती. किल्ल्यात झाडे आली, पर्यटक वाढले, तिकीट आले. बाग झाली याचा मला आनंदच आहे. पण तिकिटाच्या खिडकीपाशी गावच्या म्हाताऱ्याचे रोजचे फिरणे अडते, आणि या करारात नगर परिषद हा पक्षच नव्हता.

दोन पक्षांनी एक ठेवा वाटून घेण्याची रीत इथल्या लोकांना नवी नाही. अणदूर आणि नळदुर्गच्या मैलारपूर इथला खंडोबा एकच. मूर्ती वर्षातले बहुतेक महिने अणदूरला आणि उरलेले दिवस मैलारपूरला असते. देव हलवताना दोन्ही गावांचे मानकरी लेखी करार करतात. पौष पौर्णिमेच्या यात्रेला लोटणारी गर्दी या शिस्तीवर सांभाळली जाते. असाच करार पुरातत्त्व विभाग, जलसंपदा विभाग आणि नगर परिषद यांच्यात व्हावा, अशी माझी ठाम मागणी आहे: किल्ल्याचा दरवाजा, बोरीचा काठ आणि बाजारपेठ यांना जोडणारी चालण्याची वाट कोण आखणार, कोण झाडणार, सकाळी स्थानिकांना तिकिटाविना कधी सोडणार, हे त्यात नावानिशी लिहिलेले असावे.

त्याची सुरुवात विकास आराखड्याच्या पहिल्या टप्प्यावर, जमीन वापराच्या नकाशातच करावी लागेल. काठावरची पायवाट त्या नकाशावर रेघ म्हणून उमटली, तरच प्रारूपात तिचे आरक्षण मागता येते. प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर सूचना द्यायला कायद्याने ३० दिवस मिळतात. साध्या कागदावर, गट क्रमांक घालून, सही करून दिलेली सूचना समितीला नोंदवून घ्यावी लागते.