दगडफूल: पॅरिसच्या बाटलीत आणि मढच्या मसाल्यात

हेडफोन लावलेत? मग आधी एक काम करा. घरी असाल तर स्वयंपाकघरात जा, खड्या मसाल्याचा डबा उघडा आणि दगडफूल शोधा. वाळक्या पानाच्या तुकड्यासारखं दिसतं, एका बाजूने काळं, दुसऱ्या बाजूने राखाडी. हातावर चुरडा आणि वास घ्या. फारसा येत नाही ना? असू द्या. ते हातातच ठेवा, पुढे लागणार आहे.

मी मढची, कोळीवाड्यातली. कॉलेजला जाताना वर्सोव्याची फेरी पकडायच्या आधी मी इतका बॉडी स्प्रे मारायचे की शेजारी बसलेली मावशी शिंकायची. कारण एकच. वर्गात कुणीतरी एकदा म्हणालं होतं, "तुझ्या अंगाला घरचा वास येतो गं." एकदाच म्हणालं, पण मला तीन वर्षं पुरलं. एप्रिल-मे तर नकोसाच व्हायचा. दारात मिरच्या वाळत घातलेल्या, आत आजी कढईत मसाला भाजतेय, आणि तो वास माझ्या केसांत, ओढणीत, वह्यांत.

नोकरी लागल्यावर मी पहिलं महागडं परफ्यूम घेतलं. त्याच्या माहितीत एक शब्द होता: ओकमॉस. शोधायला बसले आणि फिरून फिरून आजीच्या कढईपाशी येऊन पोहोचले. आजचा भाग त्याच प्रवासाचा.

ओकमॉस म्हणजे काय? नावात मॉस आहे, पण ते शेवाळ नाही. ते शैवाक आहे. शैवाक म्हणजे एक बुरशी आणि एक शैवल यांचा एकत्र संसार. बुरशी घर बांधते, पाणी धरून ठेवते; शैवल उन्हावर अन्न बनवतं. युरोपात ओकच्या सालीवर असं एक शैवाक वाढतं. त्याचं शास्त्रीय नाव एव्हर्निया प्रुनास्ट्री. ते गोळा करून फ्रान्समधल्या ग्रास गावात न्यायचं आणि विद्रावकाने त्याचा अर्क काढायचा, ही तिथली जुनी रीत. त्या अर्काला ओल्या जंगलाचा, सालीचा, थोडा शाईसारखा वास असतो. शिवाय तो उडून जाणाऱ्या हलक्या सुगंधांना धरून ठेवतो, म्हणून परफ्यूम अंगावर टिकतं.

१९१७ साली फ्रांस्वा कोटीने 'शिप्र' नावाचं परफ्यूम बाजारात आणलं. शिप्र म्हणजे फ्रेंच भाषेत सायप्रस बेट. वर लिंबाच्या जातीतलं बर्गमॉट, तळाला ओकमॉस. ते इतकं गाजलं की त्या पद्धतीच्या सगळ्या परफ्यूमना शिप्र हेच घराण्याचं नाव पडलं. दोन वर्षांनी गेर्लँचं 'मित्सुको' आलं, तेही त्याच घराण्यातलं.

आता हातातलं दगडफूल बघा. तेही शैवाकच! पार्मोट्रेमा नावाच्या गटातलं, खडकांवर आणि झाडांच्या सालींवर वाढणारं. ओकमॉस आणि ते एक नव्हेत, पण नातलग आहेत. दोघांतही अ‍ॅट्रॅनोरिन नावाचं द्रव्य असतं. दगडफुलाचा वास नुसतं हुंगून कळत नाही. तेलात टाका, मंद आचेवर परता, मग ते बोलायला लागतं. पहिल्या पावसाआधीच्या मातीसारखं, थोडं धुरकट.

तुम्ही म्हणाल, ठीक आहे, पण त्यांनी परफ्यूम केलं आणि आपण मसाला केला. मलाही तसंच वाटलं होतं. ते चूक आहे.

सहाव्या शतकात वराहमिहिराने 'बृहत्संहिता' लिहिली. ग्रहताऱ्यांच्या त्या ग्रंथात एक अख्खं प्रकरण सुगंध बनवण्यावर आहे, 'गंधयुक्ती'. त्यात सोळा द्रव्यांची यादी येते. त्यातून चार-चार निवडायची आणि प्रमाण बदलत जायचं. किती सुगंध होतील? त्याने हिशोब मांडलाय: १,७४,७२०. आणि त्या सोळांत एक आहे शैलेयक, शिळेवर उगवणारं. म्हणजे आपलं दगडफूल.

यादीतली बाकीची नावं ऐका. नागकेसर, धणे. हे आज कुठे आहेत? मसाल्याच्या डब्यात. नागरमोथा, वाळा, कचोरा, चंदन? दिवाळीच्या उटण्यात. म्हणजे ते सुगंधाचं दुकान बंद झालंच नाही. अर्धा माल स्वयंपाकघरात गेला, अर्धा न्हाणीघरात. छोट्या बाटलीत नाही, एवढ्यावरून आपण त्याला परफ्यूम म्हणणं सोडून दिलं. उत्तरेत कनौजला मात्र दगडफूल अजून अत्तरात पडतं. तिथे त्याला छरीला म्हणतात आणि शमामा नावाच्या अत्तरात ते वापरतात.

आणि मराठीत? इथे मी खुर्चीतून उठले होते. पुण्याच्या भांडारकर संस्थेत परशुराम कृष्ण गोडे नावाचे अभ्यासक होते. ही संस्था सुरू झाली १९१७ सालीच, ज्या वर्षी शिप्र आलं त्याच वर्षी. गोडे पानसुपारीपासून अत्तरापर्यंत रोजच्या वस्तूंचा इतिहास शोधायचे. त्यांना एक दुर्मीळ हस्तलिखित मिळालं. त्यात 'गंधवाद' नावाचा सुगंधशास्त्राचा ग्रंथ होता आणि त्यावर चक्क मराठी टीका! १९४५ साली त्यांनी त्यावर लेख लिहिला आणि काळ अंदाजे १३५० ते १५५० च्या दरम्यानचा ठरवला. पुढे १९८९ मध्ये बडोद्याच्या प्राच्यविद्या संस्थेने तो ग्रंथ मराठी टीकेसकट छापला.

म्हणजे पाचेकशे वर्षांपूर्वी कुणीतरी बसून सुगंध कसा करायचा हे मराठीत समजावून सांगितलं होतं. त्याचं नावही आपल्याला माहीत नाही. पण त्याने लिहिलं, म्हणून ते उरलं.

इकडे युरोपात ओकमॉसवर संक्रांत आलीय. त्यातल्या अ‍ॅट्रॅनॉल आणि क्लोरोअ‍ॅट्रॅनॉल या दोन रेणूंमुळे काहींच्या त्वचेला अ‍ॅलर्जी होते. म्हणून २०१७ च्या नियमाने युरोपीय संघाने सौंदर्यप्रसाधनांत त्यांच्यावर बंदी घातली, आणि २०२१ पासून ते असलेला माल विकताही येत नाही. जुन्या परफ्यूमच्या कृती बदलाव्या लागल्या. आमटीला हा नियम नाही, घाबरू नका. आपल्या दगडफुलाचा प्रश्न वेगळा आहे. त्याची शेती होत नाही, ते जंगलातून खरवडून आणतात. शैवाक वर्षाला काही मिलिमीटरच वाढतं आणि खराब हवा त्याला सोसत नाही. मूठभर दगडफूल म्हणजे कित्येक वर्षांची वाढ असते.

यंदा मसाल्याच्या दिवशी मी सुट्टी काढली. आजीला म्हटलं, "सगळं लिहून घेते, प्रमाण सांग." ती हसली. "प्रमाण कसलं गो? हात सांगतो." मग मी किचनचा काटा आणला. ती मूठ भरायची, मी काट्यावर धरायचे, मग कढईत. एक किलो मिरचीला दगडफूल दोन मुठी. वजन भरलं अठरा ग्रॅम. दुसऱ्या घाण्याला पुन्हा दोन मुठी, आणि पुन्हा अठरा! हात खरंच सांगत होता. तिरफळ, नागकेसर, धणे, सगळं वहीत उतरवलं. ती म्हणाली, "दगडफूल शेवटी टाक, पटकन करपतं. करपलं की सगळा मसाला कडू." तेही लिहिलं.

दुसऱ्या दिवशी तसेच केस घेऊन फेरीत बसले. स्प्रे मारला नाही. कुणी शिंकलं नाही.

तुमच्या घरी मसाला किंवा उटणं करणारे हात असतील, तर या सुट्टीत काटा आणि वही घेऊन त्यांच्या शेजारी बसा. ग्रॅममध्ये लिहा, तारीख घाला, करणाऱ्याचं नाव घाला. 'गंधवादा'च्या टीकाकाराचं राहून गेलं, आपल्या आज्यांचं राहायला नको. भेटू पुढच्या भागात.