लॅटिनचा मास्तर आणि कर्नलसाहेबांचा कोश

लॅटिन भाषेत ‘लिबेर’ असा एक शब्द आहे. त्यातील पहिला स्वर ह्रस्व उच्चारला तर त्याचा अर्थ पुस्तक असा होतो. तोच स्वर दीर्घ करून ‘लीबेर’ म्हटले की अर्थ होतो स्वतंत्र, मोकळा. देवनागरीत हा भेद एका वेलांटीने उरकतो. रोमन लिपीला त्यासाठी अक्षराच्या डोक्यावर आडवी रेघ ओढावी लागते. जुन्या हस्तलिखितांत ही रेघ बहुधा आढळत नाही. शाळेतील मुलांच्या पुस्तकात मात्र ती लागतेच, आणि टंकलेखन यंत्रावर तर तिची सोयच नसे. लॅटिनच्या शिक्षकाचा कितीतरी वेळ या रेघा हाताने घालण्यात गेला आहे.

अमेरिकेतील अगर इंग्लंडातील एखाद्या शाळेत गणिताचे शिक्षक चार-पाच असले, तरी लॅटिनचा बहुधा एकटाच असतो. पहिल्या तासाला नवशिक्या मुलांकडून ‘रोसा’ शब्द सर्व विभक्तींत चालवून घ्यायचा, दुसऱ्या तासाला सीझरची गॉल देशावरील स्वारी, आणि दुपारी मुले पेंगुळलेली असताना व्हर्जिलचे काव्य! ज्यांनी लहानपणी ‘रामः रामौ रामाः’ घोकले आहे त्यांस हा प्रकार मुळीच परका वाटणार नाही. ‘रोसाए’ हे एकच रूप षष्ठीचे व चतुर्थीचे एकवचन असू शकते, तसेच प्रथमेचे व संबोधनाचे बहुवचनही असू शकते. यांपैकी कोणते, हे वाक्य पाहून ठरवावयाचे. ही दृष्टी मुलांस देणे हेच शिक्षकाचे खरे काम होय. परंतु त्याचा वेळ जातो तो निराळ्याच कामात. वह्या तपासणे तर आलेच. पण उद्याच्या उताऱ्यात मुलांना न आलेले शब्द कोणते, ते एकेक निवडून त्यांची मूळ रूपे आणि अर्थ खाली लिहून देणे, हे काम रात्री घरी बसून करावे लागते. या विषयाची गिऱ्हाईके थोडी, त्यामुळे प्रकाशकांचे लक्षही बेताचेच. तेव्हा अशा शिक्षकांपैकी काहींना संगणकाचा नाद लागला यात नवल नाही.

लॅटिन आणि यंत्र यांची गाठ प्रथम घालून दिली ती मात्र शाळामास्तराने नव्हे, एका पाद्र्याने. रोबेर्तो बुसा हे इटलीतील जेझुइट पंथाचे पाद्री. संत थॉमस अक्वायनस याच्या ग्रंथांचा अभ्यास करताना ‘इन’ या एवढ्याशा शब्दयोगी अव्ययाचे प्रयोग टिपण्यासाठी त्यांस सुमारे दहा हजार चिठ्ठ्या हाताने लिहाव्या लागल्या. अशा रीतीने सगळे ग्रंथ धुंडाळावयाचे तर एक जन्म पुरणार नाही, हे ओळखून १९४९ साली ते न्यूयॉर्कला आयबीएम कंपनीचे प्रमुख थॉमस वॉटसन यांच्या भेटीस गेले. हे काम यंत्राला जमणार नाही, असे वॉटसन म्हणाले. तेव्हा बुसांनी त्याच कंपनीची एक जाहिरात त्यांच्यापुढे ठेवली. कठीण काम आम्ही ताबडतोब करतो, अशक्य कामास किंचित अधिक वेळ लागतो, अशा अर्थाचा मजकूर तीत होता. वॉटसन हसले आणि कबूल झाले. ही हकीकत बुसा पुढे अनेकदा सांगत. भोके पाडलेल्या कार्डांवर सुरू झालेले ते काम १९८० साली छापील छप्पन्न खंडांत पुरे झाले, आणि त्यात एक कोटीहून अधिक शब्दांची नोंद झाली. कार्डांना भोके पाडण्याचे काम गाल्लाराते गावी तरुण मुलींना शिकवून त्यांच्याकडून करवून घेतले होते. त्या मुलींची नावे मात्र फार काळ कोणी विचारली नाहीत.

परंतु छप्पन्न खंडांचा ग्रंथ ही काही शाळामास्तराच्या टेबलावर मावणारी वस्तू नव्हे. त्याच्या टेबलावर जे आले ते एका लष्करी अधिकाऱ्याकडून.

विल्यम व्हिटेकर हे अमेरिकेच्या वायुदलात कर्नल होते. १९७० नंतरच्या वर्षांत तेथील संरक्षण खात्यापुढे एक विचित्र अडचण उभी राहिली. विमाने, आगबोटी, क्षेपणास्त्रे यांवरील संगणकांना हुकूम देण्यासाठी शेकडो निरनिराळ्या भाषा वापरात होत्या, आणि एकाच्या आज्ञा दुसऱ्यास कळत नव्हत्या. यावर उपाय शोधण्यासाठी १९७५ साली जी समिती नेमली गेली तिचे अध्यक्षपद व्हिटेकर यांजकडे आले. नवी भाषा कशी असावी याचे मसुदे एकामागून एक तयार झाले आणि त्यांस नावे मिळाली ती मोठी गमतीची: आधी गवताचा माणूस, मग लाकडाचा, मग कथिलाचा, मग लोखंडाचा आणि अखेरीस, १९७८ मध्ये, पोलादाचा. पुढे चार गटांच्या भाषांमधून झाँ इश्बिया यांच्या गटाची भाषा १९७९ साली पसंत ठरली. कवी बायरनची कन्या एडा हिने चार्ल्स बॅबेज यांच्या गणनयंत्रावर १८४३ साली विवेचक टिपा लिहिल्या होत्या. तिच्या स्मरणार्थ या भाषेस ‘एडा’ हे नाव दिले. लष्करी मानकाचा क्रमांकही १८१५ असा मुद्दाम दिला, कारण ते तिचे जन्मवर्ष.

क्षेपणास्त्रांसाठी घडविलेल्या या भाषेत निवृत्त कर्नलसाहेबांनी कोणती आज्ञावली लिहावी? लॅटिनच्या कोशाची! तिचे नाव त्यांनी साधे ‘वर्ड्स’, म्हणजे शब्द, एवढेच ठेवले. १९९३ पासून २००६ पर्यंत ते तिच्या आवृत्त्या काढीत राहिले. ते स्वतः लॅटिनचे पंडित नव्हते. शाळेत असताना दोनएक वर्षे ही भाषा शिकलो, त्यास पन्नासाहून अधिक वर्षे लोटली, असे त्यांनी सोबतच्या माहितीपत्रकात स्वच्छ लिहून ठेवले होते. पंडिताने हे काम केले असते तर ते कदाचित अधिक निर्दोष झाले असते. पण पुरे झाले असते किंवा नाही, याची शंकाच आहे.

तिची रीत आपल्या वैयाकरणांस पटण्यासारखी आहे. ‘अमाबान्त’ हे रूप तिच्यापुढे ठेवले की ती शेवटून एकेक प्रत्यय सोडवून पाहते. ‘आबान्त’ बाजूला काढल्यावर ‘अम्’ हे अंग कोशात सापडते, आणि ‘ते प्रेम करीत होते’ असे तृतीय पुरुषी अनेकवचनी भूतकाळी रूप ठरते. ‘पोपुलुस्क्वे’ आले तर शेवटचा ‘क्वे’ हा ‘आणि’ अर्थाचा शब्द जोडलेला आहे, हेही तिला कळते. मूळ नोंदी सुमारे ३९,०००. परंतु त्यांपासून होणारी रूपे लाखांनी मोजावीत. प्रत्येक शब्द कोणत्या काळातला, कोणत्या शास्त्रातला, आणि किती वेळा आढळणारा, याचीही खूण तेथे आहे. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की आज्ञावली व कोश या दोहोंच्या वाटेल त्या उपयोगास कर्नलसाहेबांनी सर्वांना मोकळी परवानगी देऊन टाकली.

इकडे लॅटिनच्या मास्तराच्या घरी तोपर्यंत लिनक्स आले होते. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने यंत्राचा अंतर्गत कारभार पाहणारी ही मूलभूत आज्ञावली १९९१ साली सिद्ध केली. आपण हे केवळ हौसेखातर करीत आहो, असे त्याने आरंभीच जाहीर केले होते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेल्या ‘ग्नू’ या खटाटोपातील साधने तिला मिळाली, आणि १९९२ मध्ये तिने त्यांचा परवानाही स्वीकारला. ज्याला ती मिळेल त्याने ती वाचावी, बदलावी, दुसऱ्यास द्यावी, असा तो परवाना. अमेरिकन वायुदलाच्याच पैशाने न्यूयॉर्क विद्यापीठात ‘एडा’साठी जो भाषांतरकार तयार झाला, तोही ग्नूच्याच घराण्यातला. त्यामुळे कर्नलसाहेबांचा कोश लिनक्सवर चालू लागला. लष्कराचा खर्च सिसेरोच्या कामी आला, असे म्हणण्यास हरकत नाही.

दुसऱ्याने टाकून दिलेल्या जुन्या यंत्रावरही लिनक्स चालते, ही गोष्ट शिक्षकाच्या पगाराला मानवणारी. रात्री जेवण झाल्यावर तो सीझरचा एक अध्याय यंत्रास देतो, एका ओळीत एक शब्द अशी त्याची मांडणी करवितो, वर्णानुक्रम लावतो, पुनरुक्त शब्द गाळतो आणि उरलेली यादी ‘वर्ड्स’च्या हवाली करतो. जे काम दोन रात्री खाई ते घटकाभरात होते. छपाई मनाजोगती होईना म्हणून डोनाल्ड क्नूथ या गणिती प्राध्यापकांनी १९७७ च्या सुमारास ‘टेक्’ नावाची अक्षरजुळणीची आज्ञावली हाती घेतली होती. तीही फुकट मिळते, आणि तिच्यातून स्वरांवरच्या रेघा नीटस उमटतात. लिनक्सवर तर एक ठराविक कळ दाबून मग खालच्या रेघेची कळ आणि स्वर दाबला की ती रेघ अक्षराच्या पायाशी न राहता डोक्यावर जाऊन बसते!

मात्र ‘वर्ड्स’ला या रेघा कळत नाहीत. तिला ‘लिबेर’ विचारा. ती पुस्तक सांगते, स्वतंत्र सांगते, झाडाची अंतर्साल सांगते, आणि वर मद्याच्या देवाचेही नाव घेते. निवड ती करीत नाही. मुले तिचे पहिलेच उत्तर उतरवून आणतात, हे शिक्षकाच्या पहिल्या दृष्टिक्षेपातच लक्षात येते. मग तोच जुना प्रश्न विचारावा लागतो, की वाक्यात क्रियापद कोणते?

व्हिटेकर २०१० साली वारले. चुका कळवा, असे ते वापरणारांस सांगत. आता कळवावयाचे कोणास, असा प्रश्न पडला. इंडियानामधील नोत्र दाम विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कोशाची एक प्रत ठेवलेली होती. परवानगीसाठी वारसांचे दार ठोठावण्याची गरज नव्हती. मूळ मजकूर हाती असल्याने काही हौशी मंडळींनी तो उतरवून घेतला, नव्या भाषांतरकारास न रुचणाऱ्या जुन्या ओळी दुरुस्त केल्या, आणि नव्या लिनक्सवर तो पुन्हा उभा केला. आज्ञावलीत त्यांनी बरीच साफसफाई केली. शब्दार्थ मात्र पुष्कळसे कर्नलसाहेबांनी लिहिले होते तसेच राहू दिले.